भारांक

सार्पीच्या नाक्यावर, बाहेर पडायच्या दारापाशी
माझी खुर्ची. एका खिडकीत काळा समुद्र,
दुसरीत ट्रकांची शेपटी,
आणि समोर रांग: पिशव्या, पेटारे, पेंगणारी पोरं.

दर सत्ताविसाव्या माणसाला थांबवायचं.
सव्विसावा आपणहून बोलला तरी नाही,
अठ्ठाविसावी रडत असली तरी नाही.
देशात किती रात्री काढल्या?
येण्याचा मुख्य हेतू? एकच सांगा.
खर्च? राहणं, खाणंपिणं, प्रवास, खरेदी, इतर.

लोक खोटं बोलतात, त्याचीही आता ओळख झालीय.
बातुमीच्या कॅसिनोतून परतणारा
समुद्र बघायला आलो होतो म्हणतो
आणि दोन दिवसांत सहाशे लारींचे मासे खातो.
मी लिहिते. मासे तर मासे.
बायको शेजारी असली की आकडा उतरतो,
मित्र असले की चढतो.

काल सत्ताविसावा निघाला ओतिया.
हातात एक कापडी पिशवी, दाढी न केलेली.
राहणार? थेसालोनिकी.
किती वर्षं? चौदा.
त्याआधी?
ओझुर्गेतीच्या वर, म्हणाला, तिकडं,
आणि भिंतीकडे बोट केलं.
नियम साधा आहे: वर्षाहून जास्त बाहेर राहिला
तो अनिवासी अभ्यागत.
मी खूण केली. तो त्या खुणेकडं
जरा जास्तच वेळ बघत राहिला.

रात्री? नऊ.
कुठं? आईच्या घरी.
हेतू?
गप्प. मी पर्याय वाचून दाखवले,
सुटी, व्यवसाय, उपचार, तीर्थयात्रा,
नातेवाईक व मित्रांची भेट.
"भेट," तो म्हणाला.
"म्हणजे, मी पोचलो तेव्हा ती होती. निजवलेली."

खर्च?
पेटी साडेआठशे.
खड्डा खणणाऱ्यांनी पैसे घेतले नाहीत, वाईन घेतली,
ती घरचीच होती, तिची कशी किंमत करायची?
शंभर माणसांचं जेवण.
भांडी शेजारच्या लामाराची, ती रागावली भाडं विचारल्यावर.
मेणबत्त्या.
चष्मेवाल्याची बाकी, बावीस लारी,
चष्मा तिनं नेलाच नव्हता.
आणि एक कुलूप.

जेवण खाणंपिण्यात बसलं.
मेणबत्त्या, पेटी, कुलूप: खरेदी.
चष्म्यापाशी पेन अडलं.
"इतर," त्यानंच सुचवलं,
मला अवघड वाटू नये म्हणून.

आम्ही महिन्यातले दोनच दिवस बसतो,
एकाच दारावर. म्हणून तिबिलिसीत
प्रत्येक माणसाला भारांक लावतात:
तो किती जणांच्या वतीनं बोलला ते.
ओतियाला लागला चारशे बारा.

तेव्हा या तिमाहीत
चारशे बारा दाढ्या वाढलेली माणसं
या दारातून बाहेर पडली,
चारशे बारा लामारा
भाड्याच्या नावानं रागावल्या,
डोंगरावर एकाच क्षणी
चारशे बारा कुलपं लागली, खट्ट,
आणि नातेवाइकांच्या भेटीस येणाऱ्यांचा
सरासरी खर्च वाढला.
बातमी चांगली आहे. मंत्रालयात केक कापतील.

रात्री नोदारचा फोन.
"तुझा एक नग फार वर गेलाय. छाटू?"
मागून त्याच्या टीव्हीवर फुटबॉल.
मी म्हटलं, राहू दे.
"काही कारण?"
कारणाला रकाना नाही, नोदार.
"बरं," तो म्हणाला, आणि कुणीतरी गोल केला.

शेवटचा प्रश्न मात्र मी त्याला सांगितला नाही.
पुढील बारा महिन्यांत पुन्हा येण्याचा विचार आहे का?
ओतियानं आधी एक खिसा चाचपला,
मग दुसरा,
मग किल्ली काढून
माझ्या टेबलावर ठेवली, मोजणीच्या कागदावर,
जणू मीच सांगेन.
मागचे लोक ढकलत होते. बसनं दोनदा हॉर्न दिला.
त्यानं किल्ली उचलली.

तीन पर्याय असतात.
मी तिसऱ्यावर खूण केली: सांगता येत नाही.
आणि मोजायला लागले,
एक, दोन,